सत्तर वर्षांचं वचन आणि एका वर्षाची चिठ्ठी

३१ डिसेंबरच्या रात्री आमच्या चर्चमध्ये पाय ठेवायला जागा नसते. पुण्या-मुंबईला नोकरीला असलेली मुलं घरी आलेली असतात, एरवी रविवारी न फिरकणारेही त्या रात्री हजर असतात. दहाच्या सुमाराला उपासना सुरू होते. गाणी होतात, सरत्या वर्षाच्या साक्षी होतात. कुणाचं ऑपरेशन नीट पार पडलेलं असतं, कुणाच्या मुलीचं लग्न जमलेलं असतं. ज्यांच्या घरातलं माणूस त्या वर्षी गेलं, त्यांना दोन वाक्यांपुढे बोलवत नाही. बाराला दहा मिनिटं उरली की सगळी मंडळी गुडघे टेकते. घंटा होते, शुभेच्छा होतात आणि मग पुढे ठेवलेल्या ताटातली एकेक चिठ्ठी प्रत्येक जण उचलतो. चिठ्ठीवर बायबलमधलं एक वचन छापलेलं असतं. ते त्याचं वर्षाचं वचन.

या रात्रीवर माझं मनापासून प्रेम आहे. वर्षाचा हिशेब देवासमोर मांडायचा, जे आपल्या हाती नाही ते त्याच्या हाती सोपवायचं आणि आशेने पुढे बघायचं, याहून चांगली सुरुवात मला माहीत नाही. पण गेल्या काही वर्षांत या रात्रीचा रोख बदलत चालला आहे. देवाची वाट पाहणं म्हणजे येत्या बारा महिन्यांत काय पदरात पडणार याची हमी घेणं, असं आम्ही आमच्या मुलांना नकळत शिकवतो आहोत. मला ते चुकीचं वाटतं, आणि नुसतं चुकीचं नाही, घातक वाटतं. मुदत घालून दिलेली आशा मुदत संपली की मोडते, आणि मोडताना माणसालाही सोबत घेऊन जाते.

ही उपासना मुळात अशी नव्हती. जर्मनीतल्या हेर्नहुट इथल्या मोरेव्हियन या प्रॉटेस्टंट पंथाच्या मंडळीने १७३३ मध्ये वर्षअखेरचं जागरण सुरू केलं. पुढच्या दशकात मेथडिस्ट चळवळीचा प्रवर्तक जॉन वेस्ली याने इंग्लंडमध्ये ते उचललं. त्याला निमित्त झाले ब्रिस्टलजवळच्या किंग्जवुडचे कोळसा खाणकामगार. जी रात्र पूर्वी दारूच्या गुत्त्यात जायची, ती ते प्रार्थनेत आणि स्तुतिगीतांत घालवू लागले होते. १७५५ मध्ये वेस्लीने कराराची उपासना सुरू केली. ती पुढे मेथडिस्टांत नववर्षाच्या सुरुवातीला होऊ लागली. त्या करारात माणूस देवाकडे वर्षासाठी काहीच मागत नाही. मला कामाला लाव किंवा बाजूला ठेव, भरभरून दे किंवा रिकामं ठेव, मी तुझाच आहे, असं तो म्हणतो. आज आमच्याकडे त्या रात्री जे मागितलं जातं, त्याच्या शेजारी हे ठेवून बघावं.

चिठ्ठ्यांमधलं सगळ्यांत लाडकं वचन म्हणजे बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं, २९ व्या अध्यायातलं ११ वं. 'तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत' असं देव तिथे म्हणतो. कॅलेंडरवर, कपांवर, मोबाइलच्या स्टेटसवर, नव्या घराच्या भिंतीवर हे वचन दिसतं. ते ज्यांना पहिल्यांदा लिहिलं गेलं त्यांची हकिगत मात्र फार थोड्यांना सांगितली जाते.

इ. स. पू. ५९७ मध्ये बाबेलच्या (बॅबिलोनच्या) नबुखद्नेस्सर राजाने यहूदा राज्यातलं यरुशलेम जिंकलं आणि तिथला तरुण राजा, सरदार, लोहार, सुतार अशी हजारो माणसं धरून शेकडो मैल दूर नेली. मंदिरातली भांडीही नेली. मागे राहिलेल्या यरुशलेमात एकच प्रश्न होता : ही माणसं परत कधी येणार? हनन्या नावाच्या संदेष्ट्याकडे उत्तर तयार होतं. भर मंदिरात, याजकांसमोर त्याने देवाच्या नावाने सांगितलं की दोन वर्षांत भांडी परत येतील, राजा परत येईल, सगळे परत येतील. यिर्मया तिथे मानेवर लाकडी जू घेऊन उभा होता. बाबेलची सत्ता इतक्यात टळणार नाही, याची ती खूण होती. हनन्याचं ऐकून तो काय म्हणाला, ते मला त्याच्या सगळ्या संदेशांहून जवळचं वाटतं. तो म्हणाला, आमेन, देव तसंच करो. त्यालाही ते हवंच होतं. पण शांतीचं भाकीत करणारा संदेष्टा खरा की नाही, हे त्याचं बोलणं पुरं झाल्यावरच कळतं, हेही त्याने तिथेच सांगितलं. हनन्याने ते जू त्याच्या मानेवरून काढून मोडून टाकलं, आणि यिर्मया काही न बोलता निघून गेला.

त्याच काळात यिर्मयाने बाबेलात नेलेल्या लोकांना पत्र लिहिलं. ते पत्र म्हणजे हा २९ वा अध्याय. ११ व्या वचनाच्या अगदी आधी, १० व्यात, मुदत लिहिलेली आहे : सत्तर वर्षं. म्हणजे ज्यांच्या हातात हे पत्र पडलं, त्यांच्यातल्या चाळिशीच्या माणसाला साफ सांगितलं होतं की तू परत जाणार नाहीस. आणि त्याच्याही आधी, ५ ते ७ या वचनांत, तोवर काय करायचं ते आहे. घरं बांधा आणि त्यांत राहा. मळे लावा आणि त्यांची फळं खा. मुलामुलींची लग्नं करा. ज्या नगरात तुम्हाला धरून नेलं, त्या नगराचं कल्याण पाहा, त्यासाठी प्रार्थना करा, कारण त्याच्या कल्याणात तुमचं कल्याण आहे. आणि जे संदेष्टे तुम्हाला हवं तेच सांगतात, त्यांच्यावर भरवसा ठेवू नका.

लोकांनी हे खरोखर केलं. बाबेलच्या परिसरातल्या मातीच्या पाट्यांवर कोरलेले व्यवहार सापडले आहेत. त्यांतले सर्वांत जुने इ. स. पू. ५७२ चे आहेत. यहूदातून आलेल्या या माणसांच्या वस्तीला यहूदाचंच नाव होतं. त्यांची शेतं, जवाचे आणि खजुराचे वायदे, सारा, कर्ज, सगळं त्यांत आहे. शत्रूच्या देशात शेतसारा भरणाऱ्या या माणसांनी पोरांना यरुशलेमची गाणी शिकवली. इ. स. पू. ५३९ मध्ये पर्शियाच्या कोरेश राजाने बाबेल घेतलं आणि परतायची परवानगी दिली, तेव्हा परत जायला एक समाज शिल्लक होता. हनन्याच्या भरवशावर सामान बांधून बसले असते तर तिसऱ्या वर्षी काय उरलं असतं?

हनन्या वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. कदाचित त्याला लोकांची कीवही आली असेल. आजही आमच्यातले कित्येक प्रवचनकार कळवळ्यानेच बोलतात. डिसेंबर लागला की फ्लेक्स लागतात : हे वर्ष दुप्पट आशीर्वादाचं, हे वर्ष उघडलेल्या दारांचं. जानेवारीचा पहिला पगार प्रथमफळ म्हणून द्या, वर्षभर तुटवडा पडणार नाही, असंही सांगितलं जातं. हे सांगणाऱ्यांची नावं घेण्यात मला रस नाही. ऐकणाऱ्यांचं काय होतं, ते पाहायला हवं.

माझ्या ओळखीच्या एका काकूंच्या बायबलात वर्षावर्षाच्या चिठ्ठ्या पानांमध्ये ठेवलेल्या होत्या. प्रत्येकीच्या मागे पेन्सिलने साल आणि एक-दोन शब्द : मुलाची नोकरी, घराचं छप्पर, गुडघा. एका वर्षी चिठ्ठीवर मागितलेलं मिळेल अशा अर्थाचं वचन निघालं. त्या वर्षी त्यांच्या मुलाच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, एसटीने जाणं-येणं, पैशांची ओढाताण. बाहेरून आलेल्या एका प्रवचनकाराने प्रार्थना करताना त्यांना सांगितलं की घरात कुठेतरी विश्वास कमी पडतो आहे. मुलाच्या आजारापेक्षा त्या वाक्याने काकू खचल्या. चर्चला येणं त्यांनी थांबवलं. त्यांना भेटायला गेलेल्या बायकांना त्या एवढंच म्हणायच्या की मी विश्वास ठेवला होता, अजून किती ठेवायचा असतो?

मुदतीच्या वचनाचा खरा तोटा हा आहे. वचन पुरं झालं नाही की दोष वचन देणाऱ्याकडे जात नाही, तो दुखावलेल्याच्या पदरात येतो. बायबलातली वाट पाहणारी माणसं तर देवाशी उघड तक्रार करणारी आहेत. स्तोत्रकर्ता 'किती काळ?' असं विचारतो, हबक्कूक संदेष्टा पहाऱ्याच्या बुरुजावर उभा राहून उत्तराची वाट बघतो. त्यांना कुणी कमी विश्वासाचे म्हटलं नाही. त्यांची तक्रार पवित्र शास्त्रात घेतली गेली.

यावर एक आक्षेप मी नेहमी ऐकतो, आणि तो वजनाचा आहे. गरिबाला आधार लागतो, वर्षाच्या एका रात्री त्याला चार गोड शब्द मिळाले तर तुमचं काय बिघडलं? मी म्हणेन, गोड शब्द जरूर द्या, पूर्ण द्या. २९:११ ची चिठ्ठी छापायची असेल तर तिच्या मागच्या कोऱ्या बाजूवर ५ ते ७ ही वचनं छापा, १० वं छापा. डायलिसिसला जाणाऱ्या मुलाच्या आईला सत्तर वर्षांचा अर्थ आपल्याहून लवकर कळतो. तिला फसवल्याशिवायही धीर देता येतो. आणि आधार म्हणाल तर तिच्यासोबत एसटीत बसून जाणारं माणूस हा मोठा आधार आहे. त्याची पाळी लावणं हे मंडळीचं काम आहे.

दुसरा आक्षेप बाहेरून येतो. देवाची वाट पाहायला शिकवलं की माणूस अन्याय मुकाट सोसतो, असं आपल्याकडचे सुधारक पहिल्यापासून म्हणत आले आहेत. त्यात तथ्य आहे, आणि ख्रिस्ती माणसाने ते झटकून टाकू नये. फक्त १८६२ च्या ३१ डिसेंबरची रात्र त्याने आठवावी. अब्राहम लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा दुसऱ्या दिवसापासून लागू व्हायचा होता. त्या रात्री अमेरिकेत काळी माणसं चर्चमध्ये जमून जागी राहिली. कृष्णवर्णीयांच्या मंडळ्यांमध्ये वर्षअखेरचं जागरण आजही त्या आठवणीसह होतं. १ जानेवारीला बॉस्टनच्या ट्रेमाँट टेंपलमध्ये फ्रेडरिक डग्लस जमावासोबत तारेची वाट पाहत थांबला होता. बातमी यायला रात्र झाली. हा डग्लस स्वतः गुलामीतून पळालेला, वीस वर्षं भाषणं देत आलेला आणि वर्तमानपत्र चालवणारा माणूस. जाहीरनामा आल्यावर तो काळ्या सैनिकांच्या भरतीला लागला, त्याचे दोन मुलगे मॅसॅच्युसेट्सच्या ५४ व्या पलटणीत गेले. टेक्सासमधल्या गॅल्व्हस्टनपर्यंत मुक्तीचा हुकूम पोचायला १८६५ चा जून उजाडला. या माणसांनी रात्रभर गुडघे टेकले होते म्हणून ती मुकाट होती, असं कोण म्हणेल? आपल्या जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' छापली, ती अमेरिकेतल्या गुलामांना दास्यातून सोडवणाऱ्या लोकांनाच अर्पण केली. पुण्यात बसून त्यांना त्या लढ्याचं मोल कळलं होतं.

आणि आपल्याकडे तर रमाबाई आहेत. पंडिता रमाबाईंचं नाव आम्ही चर्चमध्ये अभिमानाने घेतो, पण त्यांच्या आयुष्यातून वाट पाहणं शिकत नाही. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांनी आई, वडील आणि बहीण गमावली. ते कुटुंब तीर्थाहून तीर्थाला फिरत, उपास करत, देवांचा कौल येईल म्हणून थांबलं होतं. हातचं सगळं संपलं आणि शास्त्र्याच्या घरात मजुरीची सवय कुणाला नव्हती. हे रमाबाईंनी स्वतः लिहिलं आहे. पुढे भाऊ गेला, नवरा गेला, पदरात लहान मुलगी राहिली. १८९६ चा दुष्काळ आला तेव्हा या बाईने काय करावं? केडगावच्या जमिनीवर निवारे उभे केले आणि मध्य प्रांतात जाऊन उपाशी, टाकलेल्या मुली आणल्या. १९०० मध्ये गुजरातेतून आणल्या. त्यांना विणकाम, शेती, तेलाचा घाणा, छपाई शिकवली. दुष्काळात वाट पाहणं काय असतं हे त्यांना ठाऊक होतं, म्हणूनच रिकाम्या हाताने वाट पाहायची नाही हे त्यांनी ठरवलं असावं, असं मला वाटतं.

केडगावच्या त्याच संस्थेत, म्हणजे मुक्ती मिशनमध्ये, १९०५ च्या सुरुवातीला रमाबाईंनी मुलींना रोज जमून प्रार्थना करायला सांगितलं. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या, मग त्या शेकड्यांनी वाढल्या. जूनच्या अखेरीस तिथे जी आध्यात्मिक जागृती झाली, तिच्याविषयी जगभर लिहिलं गेलं. प्रवचनांत हा भाग रंगवून सांगितला जातो. त्याच सुमारास रमाबाईंनी बायबलचं नवं मराठी भाषांतर हाती घेतलं होतं, ते मात्र सांगायचं राहून जातं. खेड्यातल्या, जेमतेम वाचायला शिकलेल्या बाईला कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. त्यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीतल्या मुलींनी खिळे जुळवले, छापलं, बांधलं. काम वर्षानुवर्षं चाललं. १९२१ मध्ये त्यांची एकुलती मुलगी मनोरमा गेली. १९२२ च्या ५ एप्रिलला रमाबाई गेल्या. संपूर्ण बायबल छापून बाहेर पडलं १९२४ मध्ये. मुक्तीच्या प्रार्थनेतला जोर आणि छापखान्यातली ही वर्षं, दोन्ही एकाच विश्वासाची आहेत. आम्ही त्यातलं अर्धंच उचललं.

इतकं मी लिहितो आहे ते मुख्यतः एका प्रश्नामुळे : दलित ख्रिस्ती लोकांना अनुसूचित जातींत जागा का नाही? महाराष्ट्रातल्या प्रॉटेस्टंट ख्रिस्ती समाजाचा मोठा भाग, अहिल्यानगर जिल्ह्यात तर फारच मोठा, महार आणि मांग कुटुंबांतून आलेला आहे. आजोबा-पणजोबांनी बाप्तिस्मा घेतला, वस्ती मात्र तीच राहिली, विहीर तीच राहिली, गावाची नजरही तीच राहिली. १० ऑगस्ट १९५० ला अनुसूचित जातींविषयी राष्ट्रपतींचा आदेश निघाला आणि त्याच्या तिसऱ्या परिच्छेदाने हिंदू नसलेल्यांना त्यातून वगळलं. १९५६ मध्ये शिखांचा, १९९० मध्ये बौद्धांचा समावेश झाला. ख्रिस्ती आणि मुसलमान बाहेरच राहिले. २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका गेली. २००७ मध्ये न्यायमूर्ती रंगनाथ मिश्रा आयोगाने तो परिच्छेद काढून टाकावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्यायमूर्ती के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली नवा आयोग नेमला गेला, त्याला मुदतवाढ मिळत गेली. १९५० पासून मोजलं तर यिर्मयाची सत्तर वर्षं केव्हाच उलटून गेली आहेत.

वर्षअखेरच्या कितीतरी उपासनांना मी बसलो आहे. नोकरी, लग्न, व्हिसा, घर यांसाठी नावं घेऊन प्रार्थना होतात, आणि व्हायलाच हव्यात. या आदेशासाठी प्रार्थना झालेली मी क्वचितच ऐकली. १० ऑगस्टला काळा दिवस पाळण्याचं आवाहन दरवर्षी होतं, फिती लावल्या जातात, फोटो निघतात आणि ११ ऑगस्टला विषय संपतो. काही जण म्हणतात, देव न्याय करील, आपण कोर्टकचेरीत कशाला पडायचं? काही जणांना जातीचा उल्लेखच नकोसा वाटतो. ख्रिस्तात जात नाही, मग ती कशाला उकरून काढायची? यामागची वेदना मला समजते. पण ज्या मुलाला गावात जात चिकटलेली आहे आणि सरकारदरबारी ती नाही, त्याला हे वाक्य कामाचं नाही.

वाट पाहणाऱ्याने कागदाशी कसं वागावं, हेही यिर्मयानेच दाखवलं आहे. यरुशलेमला बाबेलच्या सैन्याचा वेढा पडला होता आणि यिर्मया राजवाड्याच्या आवारात कैदेत होता, तेव्हा त्याने चुलतभावाकडून अनाथोथची जमीन विकत घेतली. सतरा शेकेल चांदी तोलून दिली, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खरेदीखताच्या मोहोरबंद आणि उघड्या अशा दोन्ही प्रती आपला लेखनिक बारूख याच्या हवाली केल्या आणि त्या पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या. ज्या शेतावर शत्रूची छावणी असेल त्या शेताचा सातबारा आपल्या नावावर करून घेण्यासारखं हे होतं. ती जमीन त्याला कधी कसता आली नाही, त्याला पुढे मिसरात (इजिप्तमध्ये) नेलं गेलं. तरी या देशात पुन्हा घरं, शेतं आणि द्राक्षमळे विकत घेतले जातील, असं देवाचं सांगणं होतं, आणि त्यावर विश्वास असल्याने त्याने कागद नीट करून ठेवले.

आमच्याकडे हेच काम पडून आहे. जुन्या मिशनच्या बाप्तिस्म्याच्या नोंदवह्यांत घराण्याचं गाव, बापाचं नाव, कधी कधी जातही लिहिलेली आहे. कित्येक वह्या कपाटांत वाळवीच्या तोंडी आहेत. त्यांचे फोटो काढून जतन करायला फार पैसे लागत नाहीत, मोबाइल हाताळणारी चार मुलं आणि काही शनिवार लागतात. अजूनही गावात काय सोसावं लागतं, याची माहिती मंडळ्यांनीच घरोघर जाऊन, तारखांसह लिहून घ्यायला हवी. हे करताना शेजारच्या बौद्ध आणि मातंग वस्तीतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या अर्जांनाही मदत व्हावी. ज्या नगरात आहात त्याचं कल्याण पाहा, असं सांगणाऱ्या पत्राने फक्त आपल्यापुरतं पाहा असं सांगितलेलं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एखाद्या तरुण वकिलाला मंडळ्यांनी मिळून मानधन द्यावं, आणि जानेवारीच्या दानातला एक ठरावीक भाग त्यासाठी बाजूला काढावा. सर्वोच्च न्यायालयातली पुढची तारीख कळली की ती रविवारच्या उपासनेतल्या सूचनांमध्ये वाचली जावी, तिच्यासाठी प्रार्थना व्हावी, आणि दिल्लीला कोण जाणार ते त्याच बैठकीत ठरावं.